वयाचा दाखला आणि पालकांचे दायित्व

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मूल कोणत्या वयात कुठवर एकटे जाईल, याचे एक अलिखित शास्त्र घरोघर पाळले जाते. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या इथल्या गल्ल्यांमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलाची हद्द गल्लीच्या तोंडाशी संपते. चौथी-पाचवीत गेल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून वही किंवा दूध आणण्याची मुभा मिळते. पुढे सायकल हाती आली की जनता बाजार चौक ओलांडून क्लासला जाता येते, आणि दहावी झाल्यावर घरी सांगून मित्रांसमवेत रंकाळा तलावापर्यंत जाण्यास कोणाची हरकत राहत नाही. या चढत्या मोकळिकीमागे लेखी नियम नसतो, तरी मुलाचे वय, त्याची समज, रस्त्यावरील रहदारी आणि ओळखीच्या माणसांची नजर या साऱ्यांचा विचार तिच्यात नकळत झालेला असतो. परंतु त्याच घरात त्याच मुलाच्या हाती मोबाइल येतो आणि त्यावरील ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणारे अ‍ॅप, सुरू होते, तेव्हा ही पायरी-पायरीची सारी व्यवस्था निष्प्रभ ठरते. सहा वर्षांच्या बालकापुढे आणि सोळा वर्षांच्या कुमारापुढे जगाचा तोच अफाट आणि अनिर्बंध विस्तार उभा राहतो.

मोबाइल मुलांच्या हाती देऊच नये, असे म्हणणे सोपे आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि वर्गच मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हापासून त्या म्हणण्याला व्यवहारात फारसा अर्थ उरलेला नाही. गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो, क्लासचे वेळापत्रक तेथेच कळते, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि परीक्षेचा निकाल ब्राउझरमध्येच उघडावा लागतो. म्हणून खरा प्रश्न बंदीचा नसून मर्यादेचा आहे: अ‍ॅपवर लिहिलेली वयाची श्रेणी पालकाला नेमके काय सांगते, काय सांगत नाही, आणि फोनमध्ये दिलेली पालक-नियंत्रणे कोठवर पुरी पडतात? ब्राउझरची श्रेणी वाचून निश्चिंत झालेला पालक आणि नियंत्रण लावून मुलाशी बोलणे थांबवलेला पालक हे दोघेही आपले दायित्व अर्ध्यावर सोडतात, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी वयाच्या दाखल्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

हा इतिहास कोल्हापूरला परका नाही. आपल्या देशात चित्रपटांच्या नियमनाचा पहिला कायदा १९१८ साली झाला आणि त्याच्या अंमलासाठी १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे नेमली गेली. नेमक्या त्याच वर्षी बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला, आणि त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका प्रत्ययकारी वठला होता की त्यावर हरकत घेतली जाऊन तो वगळावा लागला. त्या काळी प्रश्न एवढाच होता की प्रसंग दाखवावा की नाही. दाखवावा तर कोणाला, असा विचार नव्हता. तो विचार १९४९ च्या दुरुस्तीने आला आणि सर्वांसाठीचे व केवळ प्रौढांसाठीचे असे दोन दाखले अस्तित्वात आले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने ती पद्धत स्थिर केली. १९८३ मध्ये बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगे चित्रपट अशी मधली 'यूए' श्रेणी निर्माण झाली. आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या मधल्या श्रेणीचेही सात, तेरा व सोळा वर्षांवरील असे तीन भाग पाडले. शंभर वर्षांच्या या वाटचालीत शासनाला हळूहळू उमगत गेले ते असे की बालपण म्हणजे एकसंध अवस्था नव्हे. सात वर्षांच्या मुलाला जे भयभीत करते ते तेरा वर्षांच्या मुलाला विचार करायला लावू शकते.

चित्रपटाच्या बाबतीत ही पद्धत यशस्वी झाली, याला दोन कारणे होती. पहिले असे की चित्रपट ही आरंभ आणि अंत असलेली पूर्ण वस्तू आहे. ती प्रदर्शित होण्यापूर्वी माणसे बसून पाहू शकतात आणि पाहिल्यावर दाखला देऊ शकतात. दुसरे असे की तो दाखला अमलात आणणारा एक माणूस चित्रपटगृहाच्या दारात उभा असतो, आणि प्रौढांच्या चित्रपटाला आलेल्या शाळकरी मुलाला तो परत पाठवू शकतो. मोबाइलवरील अ‍ॅपच्या श्रेणीत यांपैकी पहिली गोष्ट निम्मी उरली आहे आणि दुसरी पालकाने स्वतः केल्याशिवाय घडतच नाही.

अ‍ॅपला श्रेणी मिळते ती कशी, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. २०१३ साली निरनिराळ्या देशांतील श्रेणी देणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन 'इंटरनॅशनल एज रेटिंग कोअ‍ॅलिशन' ही संघटना उभी केली आणि २०१५ पासून गूगलने आपल्या प्ले स्टोअरसाठी तिची पद्धत स्वीकारली. अ‍ॅप तयार करणारा एक प्रश्नावली भरतो: त्यात हिंसा आहे काय, लैंगिक आशय आहे काय, शिवराळ भाषा, अमली पदार्थ, जुगार आहे काय, वापरणारे एकमेकांशी बोलू शकतात काय. या उत्तरांवरून यंत्र तत्काळ श्रेणी काढते. भारताची अ‍ॅपसाठी स्वतंत्र श्रेणीसंस्था नसल्यामुळे आपल्याला तीन, सात, बारा, सोळा आणि अठरा वर्षांवरील अशी सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय श्रेणी दिसते. लाखो अ‍ॅप्सच्या या बाजारात प्रत्येक अ‍ॅप माणसांनी आधी पाहणे शक्य नाही, हे मान्य करूनही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे की ही श्रेणी मूलतः बनवणाऱ्याच्या कथनावर आधारलेली आहे.

एखाद्या खेळाच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण खेळात काय आहे ते त्याच्या कर्त्याला माहीत असते. ब्राउझरच्या बाबतीत मात्र ती मुळातच अडखळते. ब्राउझरमध्ये स्वतःचे असे काहीच नसते. तो दुसऱ्याने लिहिलेले, चित्रित केलेले, कधी कधी मुद्दाम फसवण्यासाठी रचलेले पान आणून दाखवतो. त्याच्या कर्त्याने प्रश्नावलीत हिंसा नाही, अश्लीलता नाही असे लिहिले तर ते अक्षरशः खरे असते. म्हणूनच प्ले स्टोअरमध्ये क्रोमसारखा ब्राउझर अगदी लहान मुलांनाही चालेल अशा श्रेणीत आढळतो. याउलट अ‍ॅपलच्या जुन्या पद्धतीत, ज्या अ‍ॅपमधून वेबवर निर्बंधाविना जाता येते त्याला केवळ तेवढ्या कारणावरून सतरा वर्षांवरील श्रेणी मिळत असे. २०२५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या श्रेणी नव्याने आखल्या आणि चार, नऊ, तेरा, सोळा व अठरा अशा पायऱ्या केल्या. एकाच प्रकारच्या अ‍ॅपला एका दुकानात बालकांचा आणि दुसऱ्या दुकानात जवळजवळ प्रौढांचा दाखला मिळावा, हा विरोध वरवरचा नाही. एक दुकान अ‍ॅपच्या पोटात काय आहे ते मोजते, दुसरे त्यातून कोठे पोहोचता येते ते मोजते. पालकाच्या दृष्टीने दुसरे माप अधिक उपयोगाचे आहे, यात संशय नाही. पहिल्या पद्धतीतही श्रेणीच्या अंकाशेजारी 'निर्बंधरहित इंटरनेट' अशा आशयाची सूचना जोडण्याची तरतूद आहे. पण ठळक अंकावर नजर स्थिरावलेला पालक ती बारीक ओळ वाचत नाही. त्यातून बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ब्राउझर आधीच बसवलेला असतो, त्यामुळे तो घेताना श्रेणी पाहण्याचा प्रसंगही येत नाही.

मग अ‍ॅपऐवजी वेबवरील प्रत्येक पानालाच श्रेणी का देऊ नये? हा प्रयत्नही होऊन गेला आहे. १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 'पिक्स' या नावाने एक मानक तयार केले; संकेतस्थळाच्या चालकाने आपल्या पानात आशयाचे लेबल घालावे आणि ब्राउझरने ते वाचून पालकाच्या इच्छेप्रमाणे पान दाखवावे किंवा अडवावे, अशी ती योजना होती. योजना सुबुद्ध होती, परंतु लेबल लावणे ऐच्छिक होते. ज्यांच्यापासून मुलांचे रक्षण करायचे तेच लेबल लावण्यास सर्वांत कमी उत्सुक होते, आणि लेबल नसलेले प्रत्येक पान अडवावे तर वेबचा उपयोगच संपत होता. त्यामुळे ही पद्धत रुजली नाही. सरकारी बंदीचा मार्गही आपल्याकडे चाचपून पाहिला गेला. २०१५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने ८५७ अश्लील संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो सौम्य केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे रोखण्यात आली. परंतु एक नाव रोखले की तोच मजकूर दुसऱ्या नावाने उभा राहतो, आणि यादी नेहमीच मागे पडते. शिवाय अशी सरसकट बंदी प्रौढ नागरिकाच्या अधिकाराला भिडते. मुलांचे रक्षण करण्यासाठी अखेर मुलाच्या हातातील उपकरणाशीच यावे लागते, हा या साऱ्या प्रयत्नांचा निष्कर्ष आहे.

उपकरणावरील नियंत्रणे चार पातळ्यांवर चालतात, आणि प्रत्येक पातळी वेगळ्या जागी पहारा देते. पहिली पातळी खात्याची. अँड्रॉइड फोनसाठी गूगलचे 'फॅमिली लिंक' २०१७ पासून आहे. त्यात मुलाचे स्वतंत्र खाते त्याच्या खऱ्या जन्मतारखेने उघडून पालकाच्या खात्याशी जोडायचे असते. मग कोणते अ‍ॅप घेता येईल, दिवसात किती वेळ फोन चालेल, रात्री तो केव्हा बंद होईल हे पालक आपल्या फोनवरून ठरवू शकतो. आयफोनमध्ये हेच काम २०१८ पासून 'स्क्रीन टाइम' करते. अनेक घरांत मुलाला अमुक एक अ‍ॅप मिळावे म्हणून जन्मसाल मागे ढकलून खाते काढले जाते. त्या एका खोट्या आकड्याने पुढची सारी तजवीज फोल ठरते, कारण यंत्र त्या मुलाला प्रौढ समजते आणि प्रौढाप्रमाणेच जाहिराती, सुचवण्या आणि मोकळीक देते.

दुसरी पातळी ब्राउझरची. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी तीन पर्याय असतात: सर्व संकेतस्थळे खुली ठेवणे, उघडउघड अश्लील संकेतस्थळे अडवण्याचा प्रयत्न करणे, किंवा पालकाने मान्य केलेलीच संकेतस्थळे उघडू देणे. दुसऱ्या पर्यायात 'प्रयत्न' हा शब्द कंपनीने स्वतःच घातला आहे आणि तो प्रामाणिक आहे, कारण कोणतीही गाळणी परिपूर्ण नसते. अडवलेले पान मुलाला हवे असेल तर ते पालकाकडे विनंती पाठवू शकते, आणि अशा देखरेखीखालील खात्यात क्रोमची गुप्त खिडकी, म्हणजे इन्कग्निटो, उघडत नाही. आयफोनवरही निर्बंध नाही, प्रौढ संकेतस्थळांवर मर्यादा आणि ठरावीक संकेतस्थळेच, असे तीन टप्पे आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ठरावीक संकेतस्थळांची यादी, दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मधला पर्याय आणि त्यापुढे हळूहळू मोकळीक, हा क्रम मला योग्य वाटतो.

तिसरी पातळी शोधयंत्राची. गूगलच्या 'सेफसर्च'मध्ये अश्लील चित्रे व दुवे निकालांतून वगळता येतात किंवा चित्रे धूसर करता येतात. मात्र ही गाळणी केवळ शोधाच्या निकालांवर चालते. संकेतस्थळाचे नाव थेट टाइप केले किंवा मित्राने पाठवलेला दुवा उघडला तर तिचा उपयोग नाही.

चौथी पातळी नावांच्या नोंदवहीची. कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी फोन एका दूरच्या यंत्राला त्या नावाचा पत्ता विचारतो. त्या व्यवस्थेला 'डीएनएस' म्हणतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी अशी एक मोफत नोंदवही सुरू केली, जी घातक आणि प्रौढ संकेतस्थळांचे पत्ते सांगतच नाही. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय मिळतो. तेथे अशा सेवेचे नाव एकदा लिहिले की फोनवरील कोणत्याही ब्राउझरला आणि बहुतेक अ‍ॅप्सनाही ती गाळणी लागू होते. घरच्या वायफायच्या राउटरमध्येही ती बसवता येते, मात्र मुलाने फोन मोबाइल डेटावर घेतला की राउटरचा अंमल संपतो. या पद्धतीची दुसरी मर्यादा अशी की ती नाव पाहते, पान पाहत नाही. आजची बहुतेक संकेतस्थळे पानातील मजकूर गुप्तलिपीत पाठवतात, त्यामुळे वाटेवरच्या यंत्राला तो वाचता येत नाही; एखाद्या प्रचंड संकेतस्थळातील एकच विभाग अपायकारक असेल तर नोंदवही ते सारे संकेतस्थळ तरी अडवील किंवा सारे तरी सोडील.

या चारही पातळ्यांना ओलांडण्याच्या वाटा आहेत आणि आठवी-नववीतील मुलांना त्या वर्गमित्रांकडून कळतात, हे पालकांनी निःशंकपणे गृहीत धरावे. फॅमिली लिंकची संकेतस्थळांविषयीची गाळणी क्रोमपुरती आहे. फोनमध्ये दुसरा ब्राउझर असेल किंवा घेता येत असेल तर ती वाट मोकळीच राहते, म्हणून ब्राउझर एकच ठेवून नव्या अ‍ॅपसाठी पालकाची मंजुरी अनिवार्य करावी. गप्पांच्या वा चित्रफितींच्या अ‍ॅपमध्ये आलेला दुवा पुष्कळदा त्या अ‍ॅपच्या पोटातल्याच खिडकीत उघडतो आणि मुख्य ब्राउझरवर लावलेला बंदोबस्त त्याला लागू होईलच असे नाही. व्हीपीएन नावाची अ‍ॅप्स फोनची सारी वाहतूक परदेशातील यंत्रामार्फत वळवून नोंदवहीची गाळणी चुकवू शकतात. ही माहिती मी मुलांच्या चतुराईची तक्रार म्हणून देत नाही. नियंत्रण लावले की आपले कर्तव्य संपले, हा समज किती कच्च्या पायावर उभा आहे, ते दाखवण्यासाठी देतो.

आणखी एक अडचण खास आपल्या घरांची आहे. या साऱ्या व्यवस्था एका मुलाला एक फोन आणि एक खाते अशी कल्पना करून रचल्या गेल्या आहेत. मध्यमवर्गीय आणि कष्टकरी कुटुंबांत वस्तुस्थिती निराळी असते: संध्याकाळी आई स्वयंपाकात असताना तिचाच फोन गृहपाठासाठी मुलीकडे जातो, तिच्याकडून धाकट्याकडे जातो, रात्री वडील त्यावर बातम्या पाहतात. अशा सामायिक फोनवर मुलाचे स्वतंत्र खाते चालवणे अवघड असते. तरीही काही उपाय सहज शक्य आहेत. कुटुंबासाठीची नोंदवही सर्वांसाठीच लावावी, कारण तिने घरातील मोठ्यांचीही फसव्या संकेतस्थळांपासून काही प्रमाणात राखण होते. प्ले स्टोअरमध्ये पालक-नियंत्रण सुरू करून त्याला वेगळा पिन द्यावा. फोनची व्यवस्था असेल तेथे मुलासाठी दुसरा वापरकर्ता तयार करावा. नसेल तर एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवण्याची 'अ‍ॅप पिन'ची सोय वापरावी, म्हणजे गृहपाठाचे पान उघडून दिलेला फोन पासवर्डशिवाय दुसरीकडे जाणार नाही. आणि पैशाच्या व्यवहारांची अ‍ॅप्स स्वतंत्र कुलपाखाली ठेवावीत.

कायद्याने या क्षेत्रात पावले टाकली आहेत, पण ब्राउझर त्याच्या टप्प्यात पुरता आलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मधील माहिती-तंत्रज्ञान नियमांनी इंटरनेटवरून चित्रपट व मालिका दाखवणाऱ्या सेवांना पाच श्रेणी सक्तीच्या केल्या, तेरा वर्षांवरील व त्यापुढील श्रेणींच्या आशयाला पालकांचे कुलूप देण्यास आणि प्रौढ आशयासाठी वयाची विश्वसनीय खातरजमा करण्यास बांधले. मात्र हे नियम निवडून, मांडून दाखवलेल्या आशयासाठी आहेत. मुक्त वेबला ते लागू करता येत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली, आणि बालकांचा मागोवा घेणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मज्जाव केला. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. परदेशांत यापुढची पावले पडली आहेत: ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना भेट देणाऱ्याच्या वयाची खातरजमा करणे त्या संकेतस्थळांवर बंधनकारक झाले, आणि ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. या दोन्ही प्रयोगांत जबाबदारीचे वजन पालकाकडून उचलून कंपनीवर ठेवले आहे, ही त्यांतील स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र वय सिद्ध करण्यासाठी प्रत्येकाने ओळखपत्र किंवा चेहरा कोणा परक्या कंपनीच्या दप्तरी द्यावा काय, हा त्यातून उद्भवणारा प्रश्नही तितकाच गंभीर आहे.

कोल्हापूरच्या शेजारच्या सांगली जिल्ह्याने या बाबतीत एक निराळा मार्ग दाखवला आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. या दोहोंत मला वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण तेथे नियम मुलांवर लादलेला नसून साऱ्या गावाने स्वतःवर घेतला आहे. वडील स्वतः फोन बाजूला ठेवतात, आई मालिका बंद करते, मग मुलाला पुस्तक उघडण्यास सांगण्याचा नैतिक अधिकार घराला प्राप्त होतो. आपला फोन क्षणभरही न सोडणाऱ्या पालकाने मुलाच्या फोनवर लावलेले नियंत्रण मुलाला अन्यायच वाटणार. शहरात देवळावर भोंगा लावता येणार नाही. परंतु एका गल्लीतील, एका अपार्टमेंटमधील चार-पाच कुटुंबांनी ठरवून तेवढा वेळ पाळणे अशक्य नाही, आणि तसे झाले तर 'त्याला मिळतो, मग मला का नाही' या मुलांच्या सर्वांत समर्थ युक्तिवादाला उत्तर मिळते. वडगावच्या प्रथेने वेळेचा प्रश्न सोडवला आहे. उरलेल्या वेळात ब्राउझरमधून काय दिसते, याचे उत्तर मात्र घराने स्वतंत्रपणे शोधावे लागते.

हे उत्तर शोधताना देखरेख आणि हेरगिरी यांतील भेद पालकांनी कधीही विसरू नये. मुलाला न सांगता त्याचा फोन तपासणे, त्याचे प्रत्येक पान आणि प्रत्येक निरोप चोरून वाचणे, हे तात्पुरते समाधान देते आणि कायमचा विश्वास घालवते. नियंत्रण लावायचे ते मुलाच्या समक्ष, कारण सांगून आणि ते केव्हा सैल होईल याची मुदत ठरवून लावावे. मुलींच्या बाबतीत तर विशेष जपावे लागते. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीचा फोन आणि त्याबरोबर तिचे जग आकसून टाकण्याची, आणि तिच्या भावाला तेच सारे मोकळे ठेवण्याची वृत्ती आपल्या समाजात अजून आहे. पालक-नियंत्रण त्या वृत्तीचे नवे हत्यार होता कामा नये. गाळण्या कधी कधी मासिक पाळी, शरीररचना, लैंगिक अत्याचारापासून संरक्षण अशा विषयांची आवश्यक आणि शास्त्रीय पानेही अडवतात. वयात येणाऱ्या मुलाला वा मुलीला ती माहिती घरातून मिळाली नाही आणि विश्वासार्ह पानावरूनही मिळाली नाही, तर ते कोठे शोधतील, याचा विचार केला की अडवलेल्या पानासाठी आलेली विनंती पालकाने त्याच दिवशी आणि शांतपणे का पाहावी, हे कळते.

कितीही बंदोबस्त केला तरी एखादे दिवशी मुलाच्या दृष्टीस नको ते पडणार आहे, किंवा पलीकडून कोणी अनोळखी माणूस त्याच्याकडे छायाचित्र मागणार आहे. त्या प्रसंगी मूल प्रथम घरी येऊन सांगेल की लपवेल, यावर त्याचे हित अवलंबून आहे. सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि फोन काढून घेतला जाणार नाही, ही हमी आधीच दिलेली असली पाहिजे. कारण फोन जाण्याच्या भीतीने गप्प राहिलेल्या मुलाला धमकावणे त्या माणसाला सोपे जाते. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांतील आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि बालकांचे अश्लील चित्रण इंटरनेटवर प्रसारित करणे हा माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, हेही पालकांना माहीत हवे. पुरावा पुसून न टाकता, पडद्याचे चित्र जपून, पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

या संदर्भात कोल्हापूरच्याच एका हुकुमाचे स्मरण करणे उचित होईल. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या हुकुमाचा अर्धा भाग, म्हणजे पालकाचे दायित्व, आपण नेहमी आठवतो. दुसरा अर्धा भाग असा की पालकावर सक्ती करण्यापूर्वी दरबाराने शाळेचा खर्च स्वतःच्या शिरावर घेतला होता. पालकाने कर्तव्य करावे आणि राज्याने ते करण्याजोगी परिस्थिती निर्माण करावी, असा तो दुहेरी करार होता. आज मुलांच्या मोबाइलबाबत आपण पालकाला दोष देण्यात उदार आणि त्याला साधने देण्यात कृपण झालो आहोत. ज्या आईने स्वतः ब्राउझरची सेटिंग कधी उघडलेली नाही, जिच्या फोनवरील सूचना तिला न येणाऱ्या भाषेत येतात, तिला जबाबदार धरण्यापूर्वी तिला शिकवले पाहिजे.

म्हणून काही अपेक्षा स्पष्टपणे मांडाव्यात. अ‍ॅपच्या दुकानांनी ब्राउझरची श्रेणी त्यातून कोठवर पोहोचता येते यावरून ठरवावी आणि ती सूचना मराठीत, ठळक अक्षरांत दाखवावी. फोन बनवणाऱ्यांनी पहिल्यांदा फोन सुरू करतानाच तो मुलाच्या हाती जाणार आहे काय, असे विचारून त्यानुसार मांडणी करून द्यावी, आणि सामायिक फोनचा विचार आपल्या रचनेत करावा. शाळांनी जूनमधल्या पहिल्या पालक-सभेत फॅमिली लिंक आणि डीएनएस प्रत्यक्ष लावून दाखवावे. राजारामपुरीतील मोबाइल दुकानदारांनी काच आणि कव्हर लावून देतात तशी ही व्यवस्थाही ग्राहकाला लावून द्यावी. राज्य शासनाने आपल्या शिक्षकांना यासाठी तयार करावे. आणि पालकांनी दरवर्षी नव्या इयत्तेच्या आरंभी मुलाबरोबर बसून जुने निर्बंध तपासावेत, जे वयाला अनावश्यक झाले असतील ते काढावेत, जे ठेवावेत त्यांचे कारण पुन्हा सांगावे. अठराव्या वर्षी कायद्याने ही सारी कुलपे निघणारच आहेत. तोवर त्या तरुणाला वा तरुणीला आपले आपण काय पाहावे आणि काय सोडून द्यावे हे ठरवता येऊ लागावे, एवढ्याचसाठी ती लावायची असतात.